साहेबाने काढलेलं चित्र कसं पाहावं

आधी चित्राची मोठी प्रत मिळवा. फोनवर बोटाने मोठं करत पाहिलेलं चित्र तुकड्यातुकड्यांत दिसतं. युरोपियन चित्रकारांनी काढलेल्या आशिया-आफ्रिकेच्या ज्या चित्रांबद्दल मी सांगणार आहे त्यांत कोण कुठे बसलंय, कोण कोणाकडे बघतंय याला फार महत्त्व असतं, म्हणून सगळं चित्र एका नजरेत आलं पाहिजे. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवरून बऱ्याच चित्रांच्या उत्तम प्रती फुकट उतरवून घेता येतात. झेरॉक्सच्या दुकानात ए-थ्री आकाराची एक रंगीत प्रत काढा आणि एक काळी-पांढरी. सोबत ट्रेसिंग पेपर, एचबी पेन्सिल आणि जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून कापलेले एल आकाराचे दोन तुकडे ठेवा. ते एकमेकांवर सरकवले की हव्या त्या मापाची चौकट होते आणि चित्राचा एकेक कोपरा वेगळा काढून पाहता येतो.

मी शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या मुलांसमोर तांब्या, दोन कांदे आणि घडी पडलेला पंचा मांडायचा आणि म्हणायचं, आधी बघा, मग पेन्सिल टेकवा. निवृत्तीनंतर रविवारी काही हौशी मंडळी घरी जमू लागली आणि आम्ही युरोपियन चित्रकारांनी काढलेली आशिया-आफ्रिकेची चित्रं पाहायला घेतली. या चित्रांपुढे लोकांचं दोनच प्रकारे होतं. कुणी म्हणतं, ‘काय हात आहे!’ कुणी म्हणतं, ‘सगळं गोऱ्यांचं कारस्थान.’ दोघंही पाच मिनिटांत उठतात. मला ती माणसं तासभर चित्रासमोर बसलेली हवी असतात. पुढची रीत त्यासाठी आहे.

गारुड्यापासून सुरुवात

सरावाला मी नेहमी जाँ-लेऑं जेरोम या फ्रेंच चित्रकाराचा ‘गारुडी’ घेते. साधारण १८७९ चं हे चित्र अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या क्लार्क संग्रहालयात आहे. पाश्चात्त्यांनी पूर्वेकडच्या जगाची कशी प्रतिमा रंगवली हे दाखवणाऱ्या, एडवर्ड सैद यांच्या १९७८ च्या ‘ओरिएंटॅलिझम’ या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर ते आलं आणि जगभर माहीत झालं. निळ्या फरशांच्या भिंतीसमोर एक नागडा मुलगा आपल्याकडे पाठ करून उभा आहे, अंगाभोवती अजगर. उजवीकडे म्हातारा पावा वाजवतोय. समोर भिंतीला टेकून हत्यारबंद माणसं बसली आहेत.

चित्राखालचं नाव दुमडून टाका. नाव वाचलं की डोळे सुस्तावतात. मग वर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि फक्त नजरा काढा. प्रत्येक माणसाच्या डोळ्यापासून तो जिथे बघतोय तिथपर्यंत एक बाण. ‘गारुडी’त जवळजवळ सगळे बाण त्या मुलावर जाऊन पडतात. चित्राबाहेर, तुमच्याकडे, एकही येत नाही. म्हणजे तुम्ही मुलाच्या मागे उभे आहात, त्याला आणि त्याला बघणाऱ्यांना दोघांनाही पाहताय, आणि तुम्ही तिथे आहात हे कुणाच्या गावीही नाही. चित्रकार कुठे उभा होता? त्याला आत कुणी घेतलं, बिदागी किती दिली? ते सगळं पुसलेलं आहे. कलेतिहासकार लिंडा नॉकलिन यांनी १९८३ मध्ये या चित्रांवर लिहिताना नेमकं यावर बोट ठेवलं होतं: युरोपियन माणूस चित्रात कुठेच नसतो आणि तरी सगळं त्याच्या नजरेसाठीच मांडलेलं असतं. हे वाचून पटतं, पण स्वतः बाण काढल्यावर जे कळतं ते वाचून कळत नाही. बाण काढाच.

आता त्याच कागदावर हात काढा, नुसते हात. कोण काय करतंय? वाजवणारा वाजवतोय, मुलाने साप पेललाय. बाकीचे हात हत्यारांवर, मांडीवर, विसावलेले. कुणी शिवत नाही, लिहीत नाही, तोलत नाही, दुरुस्त करत नाही. मग पुठ्ठ्याची चौकट फरशीवर आणि भिंतीच्या खालच्या भागावर आणा. दगड झिजलेले, टवके उडालेले, काही फरशा निखळलेल्या. इतक्या सुंदर वास्तूत राहून ती सांभाळण्याची अक्कल नसलेले लोक, हे चित्र न बोलता सांगून जातं. आमच्यातल्या एका गवंडीकाम जाणणाऱ्या गृहस्थांनी तिथे एक प्रश्न विचारला, तो मी आता सगळ्यांना विचारते: या पडझडीत काम करणारा कारागीर कुठेय? मोठ्या वास्तूत रोज कुणीतरी दुरुस्तीला असतंच. त्याला चित्रात जागा दिलेली नाही.

यानंतर कागदाच्या कडेला यादी करा: चित्रातली वस्तू आणि तिचं गाव. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण सोडू नका. निळ्या फरशा इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या. त्या इतक्या बिनचूक आहेत की मूळ भिंत ओळखता येते. जेरोमच्या हाताशी तिथले फोटोही होते. वरच्या पट्टीतली अरबी अक्षरं नुसती नक्षी नाहीत, त्यात धर्माच्या बाबतीत सक्ती नसते असं सांगणारं कुराणातलं वचन ओळखता आलेलं आहे. फरशीचे दगड मात्र कैरोच्या मशिदीशी जुळतात आणि गारुड्याचा खेळ इजिप्तचा. म्हणजे एकेक नग खरा, आणि सगळे मिळून जे दृश्य झालं ते कुठेच घडलेलं नाही. तपशील खरा म्हणून चित्र खरं, या समजुतीवर या संपूर्ण शैलीची भिस्त आहे. जेरोम कुंचल्याचा एक फटकारा दिसू देत नाही, सगळं काचेसारखं गुळगुळीत. समोर खिडकी आहे असं वाटावं म्हणून.

त्याचं कसब थोर आहे, हेही मोकळेपणाने म्हणा. ती निळाई मी अनेक वर्षं बघते आहे आणि अजून ती हुबेहूब मिसळता येत नाही.

शेवटी घड्याळ लावा. चित्रात कोणतं साल आहे ते सांगणारी एक तरी वस्तू शोधा. सापडणार नाही. आणि खऱ्या इस्तंबूलमध्ये तेव्हा काय चाललं होतं? सुलतान १८५६ पासूनच बॉस्फरसकाठच्या नव्या दोल्माबाह्चे राजवाड्यात राहायला गेलेले. शहरात आगबोटी, तारायंत्र, नामांकित फोटो स्टुडिओ. १८७६ मध्ये राज्यघटना जाहीर झाली, दुसऱ्या वर्षी संसद भरली आणि १८७८ मध्ये ती गुंडाळलीही गेली. वर्तमानपत्रं, वादावादी, रशियाशी युद्ध. यातलं काहीही त्या भिंतीच्या आत येऊ दिलेलं नाही.

भिंत कोणाची होती

हे थोडक्यात, कारण प्रश्न सोपा आहे: हे चित्र कोणत्या भिंतीसाठी काढलं आणि पैसे कोणी मोजले? स्पिरिदियोने रोमा या चित्रकाराने १७७८ मध्ये एक मोठं चित्र केलं. त्यात ब्रिटानिया देवी उंच खडकावर बसली आहे आणि हिंदुस्थान, चीन वगैरे पूर्वेकडचे देश आपली संपत्ती तिच्या पायाशी आणून देतायत. मोती, चिनी मातीची भांडी, चहा. चित्र लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीच्या छतावर लावलेलं होतं. आणि कंपनीच्याच ताब्यातल्या बंगालमध्ये १७७० चा दुष्काळ होऊन गेलेला. ‘देणं’ या कृतीकडे त्या छताखाली बसून हिशेब तपासणाऱ्यांच्या डोळ्यांनी पाहा, आणखी काही सांगावं लागत नाही.

दलाक्रुआ या फ्रेंच चित्रकाराच्या ‘अल्जियर्सच्या स्त्रिया’ला हाच प्रश्न लावा. चित्र १८३४ चं, तो अल्जियर्सला गेला १८३२ मध्ये, आणि फ्रान्सने ते शहर जिंकलं १८३० मध्ये. परक्या पुरुषाला जनानखान्यात पाय ठेवता आला तो या क्रमामुळे. चित्रात उजव्या कडेला उभी असलेली काळी दासी पाहायला विसरू नका. बसलेल्या तिघींवर पानंच्या पानं लिहिली गेली. हिच्याकडे फार उशिरा लोकांचं लक्ष गेलं.

फोटो असेल तर उजेड तपासा

फोटोवर आपला विश्वास पटकन बसतो, म्हणून तिथे दुप्पट सावध राहावं लागतं. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या छायाचित्रकाराने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींचे दोन खंड काढले, १८६३ आणि १८६६ मध्ये. दुसऱ्या खंडात महाराष्ट्रातले लोक आहेत. त्यातल्या अनेक चित्रांत माणसांचा फोटो एका ठिकाणचा आणि मागचं दृश्य दुसरीकडचं. दोन्ही कापून जोडलेले.

हे ओळखायला चित्रकलेच्या पहिल्या धड्याइतकंच ज्ञान लागतं. उजेड कोणत्या बाजूने येतोय? माणसांच्या नाकाची सावली ज्या बाजूला, झाडाची आणि इमारतीचीही त्याच बाजूला पडली पाहिजे. पाय पाहा. जमिनीवर उभ्या माणसाच्या टाचेखाली गडद रेघ असते, ती नसेल तर माणूस तरंगतोय. मग खांद्याची कड पाहा, कात्री चालली असेल तर ती जरा जास्तच नीट असते.

हा जोड का द्यावा लागला, हेच विचारण्यासारखं आहे. स्टुडिओच्या पडद्यापुढे बसलेला माणूस हा एक माणूस असतो. मागे देऊळ किंवा घाट आला, खाली जातीचं नाव छापलं, शेजारी त्या लोकांच्या स्वभावाचा परिच्छेद आला की तो नमुना होतो. १८५७ नंतर सरकारलाही असे नमुने हवेच होते. १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानच्या लोकांवर छायाचित्रांचे आठ खंड निघाले. नमुन्याखाली माणसाचं नाव सहसा नसतं. तुमच्या हातातल्या चित्रात आहे का पाहा, आणि नसेल तर तसं कागदावर लिहून ठेवा. चेहरे ताठ दिसतात त्यावरून स्वभाव वाचू नका. ओल्या काचेवर फोटो घ्यायचा तो काळ, काही सेकंद पापणी न हलवता बसायचं, कोणीही ताठच दिसणार.

तरीही या फोटोंतली माणसं नुसती बळी पडलेली नाहीत. त्या काळातल्याच एका फोटोत आमच्याकडे येणाऱ्या एका आजींनी लुगड्यावर बोट ठेवलं. उभ्या-आडव्या रेषा होत्या, मला त्या छपाईतल्या दोषासारख्या वाटल्या होत्या. आजी म्हणाल्या, ‘अगं, घडी मोडलीय. ठेवणीतलं नेसून आलीय ती.’ कॅमेऱ्यासमोर आपण कसं दिसायचं हे त्या बाईने घरातून निघतानाच ठरवलं होतं. म्हणून सांगते, फोटो पाहताना घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना शेजारी बसवा. नथ, वाकी, ठुशी, पदर कोणत्या खांद्यावर, निऱ्या कशा, हे त्या जसं वाचतात तसं दुसरं कोणी वाचत नाही.

पेशव्यांचा दरबार: तारखा मांडा

आता आपल्या दारातलं चित्र. थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये लंडनला एक भलंथोरलं तैलचित्र दाखवलं. विषय, पुण्याच्या दरबारात सवाई माधवराव पेशव्यांशी १७९० चा तह पुरा करणारा कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट. चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे आणि १८०७ मध्ये त्याच्या छापील प्रतीही निघाल्या होत्या. आपल्याकडे कितीतरी जण ते पाहून ‘हा शनिवारवाडा!’ म्हणून हरखतात. हरखायला हरकत नाही, पण आधी कागदावर सालं उतरवा.

१७९० मध्ये तह झाला तेव्हा डॅनियल उत्तर हिंदुस्थानात फिरत होता. चित्राचा आधार म्हणजे जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने केलेली रेखाटनं, आणि वेल्स मुंबईला उतरला १७९१ मध्ये. म्हणजे तो दिवस त्यानेही पाहिला नाही. नंतर पुण्यात राहून त्याने पेशव्यांची, नाना फडणिसांची चित्रं केली. नानांचा जो उभट, कृश चेहरा आपल्या डोळ्यांपुढे येतो तो वेल्सच्याच हातचा. वेल्स १७९५ मध्ये वारला, सवाई माधवरावही त्याच वर्षी गेले. रेखाटनं मॅलेटकडे राहिली. पुढे वेल्सच्या मुलीशीच त्याचं लग्न झालं. १७९८ मध्ये तो इंग्लंडला परतला. नाना १८०० मध्ये गेले. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह, ज्याने पेशवे कंपनीच्या आश्रयाला गेले. १८०३ मध्ये असईची लढाई, जिथे इंग्रजांनी मराठी फौजांना हरवलं. आणि मग १८०५.

ही सालं एकाखाली एक लिहिली की चित्र बदलतं. १७९० मध्ये टिपूविरुद्ध मराठ्यांची मदत मिळावी म्हणून कंपनी पुण्याच्या दारात आली होती. गरज इंग्रजांची होती. १८०५ च्या लंडनमध्ये चित्रासमोर उभे राहणारे लोक असईच्या बातम्या वाचलेले. त्यांना पेशव्यांच्या भरगच्च दरबारात, पांढऱ्या अंगरख्यांच्या दाटीत, मानाने बसलेला आपला वकील दिसतो. एका श्रीमंत, दूरच्या दरबारात इंग्लंडचं वजन कसं पडलं ते दिसतं. मॅलेटला आपल्या कारकिर्दीची हीच बाजू मागे ठेवायची होती. चित्रात खोटं असं एखादं पागोटंही नसेल कदाचित. पण मागायला कोण आलं होतं, हे चित्रावरून कळतं का, ते नजरेचे बाण काढून स्वतः तपासा.

म्हणून चित्र फेकून द्यायचं का? मुळीच नाही. शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला. आज आत गेलं की जोती, कारंजी आणि तट. महालांच्या आतलं काय होतं हे डोळ्यांनी दाखवणारी साधनं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतलं हे एक. आपल्या घराचा पुरावा परक्याच्या दिवाणखान्यात टांगला गेला याचं मला वाईट वाटतं, पण पुरावा तो पुरावा. त्याची उलटतपासणी करा. खांब, कमानी, छताचं कोरीवकाम यांचे भाग पुठ्ठ्याच्या चौकटीत घ्या, कागदावर उतरवा आणि तो कागद घेऊन विश्रामबाग वाड्यात जा, जमलं तर मेणवलीला नानांच्या वाड्यात. जे जुळेल त्यापुढे खूण करा. वेल्सने डोळ्यांनी पाहून काढलेलं काय आणि डॅनियलने लंडनमध्ये भव्यतेसाठी चढवलेलं काय, याचा अंदाज असाच येतो.

शेजारी दुसरं चित्र ठेवा

एकटं चित्र कधी पाहू नका. त्याच गावातल्या, त्याच काळातल्या माणसाने काढलेलं शेजारी ठेवा. पुण्याच्या बाबतीत आपण भाग्यवान. गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार त्याच वेळी काम करत होता. त्याने नोव्हेंबर १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, वेरूळची लेणी काढली, आणि १७९५ मध्ये दक्षिणा संपतानाची पर्वती काढली. ही चित्रं अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत आणि संगणकाच्या पडद्यावर पाहता येतात. पर्वतीचं चित्र नीट बघा. श्रावणात रमण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची, तो प्रसंग. इथे साल आहे, ठिकाण आहे, काम चालू आहे. चित्रकाराला ती टेकडी कोणत्या बाजूने चढतात हे माहीत आहे.

पण तोल सांभाळा. गंगारामही मॅलेटच्याच पदरी होता आणि वेल्सच्या हाताखाली शिकला. लेणी कोणती काढायची हे बहुधा साहेब ठरवत होता. हात आपला म्हणून नजर आपोआप आपली होत नाही. मुंबईचे चित्रकार रावबहादूर धुरंधर यांचं उदाहरण घ्या. ऑटो रोथफेल्ड या आय.सी.एस. अधिकाऱ्याने भारतीय स्त्रियांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्याची चित्रं धुरंधरांची. साचा जुनाच, एक पान, एक जात, एक बाई. तरी मला ती जॉन्सनच्या पानांहून वेगळी वाटतात, कारण बायका उभ्या आहेत त्या कुठून तरी कुठेतरी निघालेल्या. डोक्यावरच्या ओझ्याने मान कशी धरली जाते हे धुरंधरांना ठाऊक आहे. हे माझं मत. तुम्ही दोन्ही पानं शेजारी ठेवा आणि आपलं ठरवा.

‘गारुडी’शेजारी मी उस्मान हमदी बेचं चित्र ठेवते. हा इस्तंबूलचा माणूस पॅरिसला शिकला आणि पुढे तिथल्या शाही संग्रहालयाचा प्रमुख झाला. त्याच्या १९०६ च्या ‘कासवांचा शिक्षक’मध्येही निळ्या फरशा आहेत, पडझड आहे, पाठीशी धरलेला पावाही आहे. पण तो वाकलेला माणूस विचारात पडलाय. त्याला चित्रकाराने स्वतःचाच चेहरा दिलाय, असं मानतात. त्याच्या इतर चित्रांत माणसं ग्रंथ वाचतात, उभी राहून चर्चा करतात. जेरोमच्याच घराण्यातलं तंत्र, तोच रंग, आणि चित्रातल्या माणसाला डोकं आहे.

पाटी लिहा

एवढं झाल्यावर सुरुवातीला दुमडलेलं नाव उघडा आणि त्याखाली स्वतःची पाटी लिहा. पाच-सहा ओळी, जास्त नको. चांगलं-वाईट असे शब्द टाळा. प्रसंग कधीचा, चित्र कधीचं, कोणी पाहिलं, कोणी काढलं, कोणासाठी, आणि काय वगळलं, एवढंच लिहा. दरबाराची आमची पाटी अशी झाली:

‘पुणे दरबार, १७९०. चित्र १८०५ चं, लंडनमध्ये काढलेलं. चित्रकार थॉमस डॅनियल. तो या प्रसंगी हजर नव्हता. आधार जेम्स वेल्सची नंतर पुण्यात केलेली रेखाटनं. कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट याच्या कामगिरीचं हे चित्र. टिपूविरुद्ध कंपनीला मराठ्यांची मदत हवी होती, म्हणून हा तह झाला. चित्रातला वाडा १८२८ मध्ये जळाला. मागे उभ्या असलेल्या हुजऱ्यांची नावं माहीत नाहीत.’

खाली दोन ओळींची जागा कोरी सोडा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेल्या जुन्या कागदांचे ढीग आहेत. त्यांतल्या एखाद्या कागदात त्या दिवशी चाकरीवर असलेल्या कोणाचं नाव निघालं, तर ते तिथे लिहायचं आहे.